रक्त द्यायचं ते आदल्या दिवशी

११ जुलै २००६, मंगळवार. मुंबईची घरी परतायची वेळ. पश्चिम रेल्वेच्या भरगच्च लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. दोनशेच्या आसपास माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं कोणाचीही वाट न बघता धावली. घरातल्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना बाहेर काढलं आणि रिक्षा, टेम्पो, मिळेल त्या गाडीत घालून सायन, केईएम, भाभा, कूपर अशा रुग्णालयांत पोचवलं. त्याच रात्री रक्तपेढ्यांबाहेर रक्तदात्यांच्या रांगा लागल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरही लोक असेच पुढे आले. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा भीषण अपघात झाला, तेव्हा तिथली तरुण पोरं रात्रभर रक्त द्यायला उभी होती.

ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यासाठी बाही वर करून रांगेत उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. त्या माणुसकीबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. मोठ्या दुर्घटनेत पहिल्या काही तासांत जखमींना जे रक्त चढतं, ते त्या रांगेतलं नसतं. ते दोन, पाच, पंधरा दिवसांपूर्वी कोणीतरी देऊन ठेवलेलं असतं. त्या रक्तदात्याला पुढे काय घडणार याची कल्पना नव्हती. तो आपला नेहमीसारखा शिबिरात आला, रक्त दिलं, चहा-बिस्किट घेतलं आणि कामाला गेला. दुर्घटनेच्या रात्री माणसं वाचतात ती त्याच्यामुळे.

म्हणून वाचकांना विनंती आहे: रक्त द्यायचं ते आदल्या दिवशी द्या. दुर्घटनेच्या दिवशी धावत जाऊन देण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे. असं का, ते समजून घेऊ.

हातातलं रक्त लगेच चढवता का येत नाही

खुर्चीवर बसल्यापासून पिशवी भरेपर्यंत पाच ते दहा मिनिटं लागतात. आपल्याला वाटतं, काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं. पिशवीबरोबर घेतलेल्या नमुन्याच्या बल्बवर आणि पिशवीवर एकच क्रमांक चिकटवतात. त्या नमुन्यावर पाच तपासण्या कायद्यानं सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. रक्तगट पुन्हा तपासला जातो. तोवर पिशवी थंड यंत्रात जोरात फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तो हलक्या दाबानं दुसऱ्या पिशवीत काढून घेतात, प्लेटलेट वेगळ्या करतात. एका रक्तदानातून असे तीन घटक तयार होतात आणि तीन वेगवेगळ्या रुग्णांना लागू शकतात. हे सगळं कितीही घाईनं केलं तरी काही तास जातात. एरवी सकाळी दिलेलं रक्त वापरायला मिळतं ते दुसऱ्या दिवशी.

जखमी माणसाकडे तेवढा वेळ नसतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की रक्तदाब कोसळायला लागतो. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न दिसता मांडीतल्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. कंबरेचं हाड फुटलं तर त्याहून जास्त. अशा रुग्णाला पहिली पिशवी काही मिनिटांत लागते आणि एकेका रुग्णाला २४ तासांत दहाहून जास्त पिशव्या लागू शकतात. त्या वेळी दारात शंभर रक्तदाते उभे असले आणि आतल्या फ्रीजमध्ये पिशवी नसली, तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार होतो.

एक मोठं उदाहरण सांगतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. अख्ख्या अमेरिकेत लोकांनी रक्तपेढ्यांकडे धाव घेतली. नेहमीच्या संकलनाशिवाय सुमारे पावणेपाच लाख पिशव्या जमा झाल्या. त्या हल्ल्यातल्या जखमींना प्रत्यक्षात लागल्या २६० च्या आत. तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात. एवढं रक्त तेवढ्या काळात वापरलं जाणं शक्य नव्हतं आणि फार मोठा साठा मुदत संपून फेकावा लागला. लोकांची भावना खरी होती, रक्तही चांगलं होतं. वेळ चुकली होती. ज्यांनी त्या एकाच आठवड्यात रक्त दिलं त्यांना पुढचे दोन महिने देता येणार नव्हतं, हा आणखी एक तोटा.

आपल्याकडे तर पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं. एका शहरातले सगळे उत्साही रक्तदाते एकाच दिवशी रक्त देऊन मोकळे झाले, तर तीन आठवड्यांनी रक्तपेढीनं फोन करायचा कोणाला?

रक्तपेढीच्या आत काय चाललेलं असतं

दुर्घटनेचा निरोप आला की चांगल्या रुग्णालयात अपघात विभागाबरोबरच रक्तपेढीलाही लगेच कळवलं जातं. तंत्रज्ञ आधी फ्रीज उघडून साठा मोजतो: कुठल्या गटाच्या किती पिशव्या, किती राखीव, किती मोकळ्या. ठरलेल्या, थांबू शकतील अशा शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं रक्त मोकळं होतं. ओ गटाच्या काही पिशव्या थेट अपघात विभागाकडे जातात. आजूबाजूच्या रक्तपेढ्यांना फोन सुरू होतात, कारण एका रक्तपेढीकडून दुसरीकडे साठा पाठवता येतो.

मग प्लाझ्मा. तो उणे ३० अंशाला दगडासारखा गोठवून ठेवलेला असतो. ३७ अंशांच्या कोमट पाण्याच्या यंत्रात तो वितळायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ डॉक्टरांनी मागायची वाट पाहत नाही, चार-सहा पिशव्या आधीच पाण्यात सोडतो. पण सरसकट सगळ्या वितळवतही नाही, कारण वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवून वर्षभर ठेवता येत नाही. खूप रक्त गेलेल्या माणसाला नुसत्या तांबड्या पेशी देऊन भागत नाही. रक्त गोठायला प्लाझ्मा लागतो, प्लेटलेटही लागतात. आता मोठ्या रक्तस्रावात हे तिन्ही जवळपास सारख्या प्रमाणात दिले जातात.

नातेवाईकांना विचित्र वाटेल अशी एक गोष्ट इथे घडते. दहा पिशव्या नेल्या आणि चारच लागल्या, तर उरलेल्या सहा ताबडतोब परत याव्या लागतात. फ्रीजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिलेली पिशवी पुन्हा साठ्यात घेता येत नाही. वॉर्डात टेबलावर ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवलेली पिशवी शेजारच्या रुग्णाच्या तोंडचा घास काढून घेते. म्हणूनच कोणाला किती रक्त द्यायचं हे त्या दिवशी एका अनुभवी डॉक्टरानं ठरवायचं असतं आणि बाकीच्यांनी ते मानायचं असतं.

क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त एकमेकांशी जुळतं का हे तपासून, रक्त द्यायला पाऊण तास ते तासभर लागतो. तेवढा वेळ नसेल तर नुसता गट जुळवून रक्त देतात. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाच्या तांबड्या पेशी थेट लावतात. ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं, पण ते आपल्याकडे फार थोड्यांचं असतं. शंभरात एखाद-दोन माणसं. त्यामुळे पुरुषांना आणि वयस्क बायकांना अशा वेळी ओ पॉझिटिव्ह देतात आणि ओ निगेटिव्ह मुलींसाठी व तरुण स्त्रियांसाठी राखतात. निगेटिव्ह गटाच्या मुलीला पॉझिटिव्ह रक्त गेलं, तर पुढे बाळंतपणात पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो. ‘आमच्या माणसाला निगेटिव्ह का दिलं नाही’ म्हणून कोणी चढ्या आवाजात विचारू लागला, तर हे कारण त्याला शांतपणे सांगा.

आता विचार करा, हे सगळं सांभाळणारे किती जण असतात? रात्रपाळीला दोन-तीन तंत्रज्ञ, एखादा डॉक्टर. त्याच वेळी बाहेर पाचशे माणसं ‘आमचं रक्त घ्या’ म्हणून उभी राहिली, तर या मूठभर माणसांनी आतल्या जखमींना रक्त द्यायचं की बाहेरच्यांचं काढायचं? फाटकाशी झालेल्या गर्दीत अॅम्ब्युलन्स अडकते ती वेगळीच. मदतीला आलेली माणसंच मदतीच्या वाटेत उभी राहतात.

शिवाय प्रत्येक दुर्घटनेत रक्त सारखं लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. अशा ठिकाणी जीव जातो तो प्रामुख्यानं श्वास कोंडून. आगीत भाजलेल्यांना पहिल्या दिवशी सलाइन आणि भाजल्यावरचे खास उपचार लागतात, रक्ताची गरज बहुतेकदा नंतर शस्त्रक्रियांच्या वेळी येते. स्फोट, रेल्वे अपघात, इमारत कोसळणं यांत लगेच लागतं. किती आणि कुठल्या गटाचं, हे बाहेरून टीव्ही पाहून कळत नाही. ते रुग्णालयालाच माहीत असतं. म्हणून त्यांनी हाक देईपर्यंत थांबायचं.

साठा रिकामा का असतो

रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि आता विकतही घेता येत नाही. एके काळी पैशासाठी रक्त विकणारे होते. त्यातून रोग पसरत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून विकाऊ रक्त घेण्यावर देशभर बंदी आली. तेव्हापासून पिशवीत जे काही येतं ते तुमच्या-माझ्या हातातूनच.

महाराष्ट्र रक्तसंकलनात देशात पुढे असलेलं राज्य आहे. गणेशोत्सव मंडळं, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना, कामगार संघटना, देवस्थानं, पक्षांचे कार्यकर्ते, सगळे शिबिरं घेतात. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, लालबागचा राजा मंडळानं मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर घेतलं, ते सगळ्यांच्या लक्षात असेल. हे बळ आपल्यापाशी आहे. अडचण आहे ती वेळापत्रकाची.

नेत्याचा वाढदिवस, एखादी जयंती, उत्सवाचा शेवटचा रविवार, अशा दिवशी एकाच गावात दहा-दहा शिबिरं होतात. हजारो पिशव्या एकदम येतात. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, कंपन्यांत सुट्या, मंडळी गावी; दिवाळीतही तेच. तेव्हा रक्तपेढीच्या कपाटात दोन दिवसांचा साठाही उरत नाही. पिशवीतल्या रक्त टिकवणाऱ्या मिश्रणाप्रमाणे तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट तर अवघे पाच दिवस, तेही यंत्रावर सतत हलत्या ठेवून. गणपतीत दिलेलं रक्त दिवाळीनंतरच्या अपघाताला उपयोगी पडत नाही.

आणि दुर्घटना घडली म्हणून बाकीचे रुग्ण थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. बाळंतिणीचा रक्तस्राव तारीख बघून होत नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट कमी पडतात. कर्करोगाच्या रुग्णांना महिनोन्‌महिने रक्त लागतं. साठा आधीच तळाला गेलेला असताना दुर्घटना झाली, तर या सगळ्यांच्या वाट्याचं जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली आणि जखमींना लातूर, सोलापूरला न्यावं लागलं. आपत्ती मोठ्या शहराची वाट बघत नाही. घाटात बस कोसळते, महामार्गावर गाड्या एकमेकांवर आदळतात. तेव्हा जवळच्या जिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयाच्या छोट्या साठवणूक केंद्रात जे असेल तेच कामाला येतं.

तुम्ही काय कराल

पहिलं, स्वतःची तारीख ठरवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, एवढं असेल तर बहुतेक निरोगी माणसं रक्त देऊ शकतात. पहिल्यांदाच देणाऱ्यानं साठीच्या आत द्यावं. पुरुषांनी वर्षातून तीन वेळा, स्त्रियांनी दोन वेळा एवढं जरी ठरवलं तरी पुष्कळ. वाढदिवस, आईवडिलांची पुण्यतिथी, जी तारीख लक्षात राहील ती धरा. त्यातली एक तारीख मेमध्ये किंवा दिवाळीच्या सुट्टीत येईल असं पाहा. शिबिराची वाट न बघता सरळ रक्तपेढीत जा. पाऊण तासात मोकळे व्हाल.

दुसरं, नाकारलं तर खचू नका. बऱ्याच शिबिरांत बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, मध्येच रेंगाळला किंवा वर तरंगला तर कमी. कितीतरी मुली आणि बायका इथूनच परत जातात, ओशाळून. ओशाळायचं काही कारण नाही. ती फुकटात झालेली तपासणी आहे. डॉक्टरांना दाखवा, लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या, खाण्यात पालेभाज्या, डाळी, चालत असेल तर अंडी-मांस असू द्या. चार महिन्यांनी पुन्हा या. गोळ्यांवर आटोक्यात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी अनेकांना रक्त देता येतं. तिथले डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र देऊ नये. नुकताच टॅटू काढला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर वर्षभर थांबा.

तिसरं, फॉर्मवर खरं लिहा. संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीत तो दिसत नाही. भावनेच्या भरात, मित्रांसमोर लाज वाटते म्हणून माणसं प्रश्नांची खोटी उत्तरं देतात. दुर्घटनेच्या रांगेत पहिल्यांदाच आलेल्यांची संख्या जास्त असते, घाईही असते. म्हणून ज्याची दर वेळी तपासणी होते असा नियमित रक्तदाता सर्वांत सुरक्षित. शंका असेल तर परत फिरा. परत फिरणं हीसुद्धा त्या अनोळखी रुग्णाची सेवाच आहे.

चौथं, आपला गट दुर्मिळ असेल तर नाव नोंदवा आणि रोज उठून देऊ नका. निगेटिव्ह गटाच्या मंडळींनी जवळच्या रक्तपेढीकडे फोन नंबर द्यावा आणि बोलावतील तेव्हा जावं. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हा तर जगाला मुंबईतच कळला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. या गटाच्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. अशा माणसानं आपली माहिती कार्डावर लिहून कायम पाकिटात ठेवावी.

पाचवं, मंडळांच्या, सोसायट्यांच्या, कंपन्यांच्या पदाधिकाऱ्यांना. किती पिशव्या जमल्या याचा फलक लावण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला रक्तपेढीला एवढंच विचारा: ‘तुम्हाला कधी लागतं?’ रक्तपेढी सांगेल त्या आठवड्यात शिबिर घ्या. पाचशे पिशव्यांचं एक शिबिर करण्यापेक्षा शंभराची पाच करा, दोन-अडीच महिन्यांच्या अंतरानं. शेजारच्या मंडळाचं शिबिर त्याच रविवारी असेल तर आपलं पुढे ढकला. येणाऱ्या प्रत्येकाला छत्री, डबा, हेल्मेट देण्याच्या चढाओढीत पडू नका. वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीलच असं नाही.

दुर्घटनेच्या दिवशी

तुम्ही घटनास्थळी असाल तर एक लक्षात ठेवा: जखमीच्या अंगातलं रक्त बाहेर जाऊ दिलं नाही, तर ते बाहेरून द्यावं लागत नाही. जखमेवर स्वच्छ कापड, ओढणी, रुमाल, जे असेल ते ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा. थांबलं का बघायला सारखं उचलू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. अंगात रुतलेली काच किंवा सळई उपसू नका. तीच रक्त अडवून धरत असते. १०८ ला फोन करा. मदत केली म्हणून पोलिसांचं झंझट मागे लागेल ही भीती सोडा. रस्ता अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं संरक्षण दिलेलं आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायचीही सक्ती करता येत नाही.

तुम्ही घरी असाल तर रुग्णालयाकडे धावू नका. रक्तपेढी, रुग्णालय किंवा सरकारी यंत्रणा रक्त हवंय असं सांगेल तेव्हा, सांगतील त्या गटाच्यांनी, सांगतील त्या ठिकाणी जा. व्हॉट्सअॅपवर ‘अमुक रुग्णालयात बी पॉझिटिव्ह तातडीनं हवं’ असा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करा. यातले कित्येक निरोप दोन-दोन वर्षं जुने असतात. कुठल्या रक्तपेढीत किती साठा आहे ते ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं.

तुमचं माणूस जखमींत असेल तर तुमच्यावर काय प्रसंग आहे हे समजू शकतो. तरी तीन गोष्टींत डॉक्टर-सिस्टरना साथ द्या. हातावर बांधलेली क्रमांकाची पट्टी काढू नका, सैल करू नका. बेशुद्ध, ओळख न पटलेल्या रुग्णांच्या गर्दीत चुकीच्या माणसाला चुकीचं रक्त जातं ते बहुधा नावाच्या आणि बल्बच्या गोंधळामुळेच, आणि ती चूक जीवघेणी ठरू शकते. पिशवी लावताना सिस्टर पुन्हा पुन्हा नाव-नंबर पडताळत असेल तर चिडू नका, ती योग्य तेच करते आहे. दुसरं, ‘माझंच ताजं रक्त माझ्या मुलाला लावा’ असा हट्ट धरू नका. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त तसंच चढवलं तर कधी कधी जीवावर बेतणारी गुंतागुंत होते, म्हणून त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. तिसरं, तुमच्या माणसाच्या आधी दुसऱ्याला रक्त लागलं, तर तो वशिला समजू नका. त्या दिवशी ज्याचा जीव आधी धोक्यात आहे त्याचा नंबर आधी.

आणि तुमची किंवा घरच्यांची ठरलेली शस्त्रक्रिया त्या दिवशी पुढे ढकलली गेली, तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी राखलेल्या दोन पिशव्यांनी त्या रात्री कोणाचा तरी मुलगा वाचलेला असू शकतो.

बातम्या थांबल्यानंतर

सगळ्यात जास्त गरज असते ती लोक विसरायला लागतात तेव्हा. वाचलेल्या जखमींच्या दुसऱ्या, तिसऱ्या शस्त्रक्रिया पुढच्या दोन-तीन आठवड्यांत होतात. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांची रांग लागलेली असते. पहिल्या दिवशी उपसलेला साठा भरून काढायचा असतो. म्हणून दुर्घटनेच्या रात्री मन पेटून उठलं, तर ते तसंच पंधरा दिवस जपून ठेवा. कॅलेंडरवर तारीख लिहा आणि टीव्हीवरून ती बातमी गेल्यानंतर जा. तुम्हाला कोणी टिपणार नाही, फोटोही निघणार नाही, पण रक्तपेढीतला माणूस तुम्हाला बघून मनापासून सुटकेचा श्वास सोडेल.

पुढची दुर्घटना कधी, कुठे होईल हे कोणालाच ठाऊक नाही. ती होऊच नये, हीच प्रार्थना. झाली, तर फ्रीजच्या कपाटात रक्त असायला हवं आणि ते आज, उद्या, येत्या महिन्यात आपणच ठेवायचं आहे. तुम्ही शेवटचं रक्त दिलं त्याला पुरुष असाल तर तीन महिने, स्त्री असाल तर चार महिने झाले असतील, किंवा आजवर कधीच दिलं नसेल, तर याच आठवड्यात जवळच्या रक्तपेढीत जा. जाताना पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन जा. एकटे जाऊ नका, सोबत एकाला घेऊन जा.